उजव्या कानातली पट्टी

२ फेब्रुवारी, रविवार

ठोक्याचं आणि माझं आज पुन्हा वाजलं. नव्या कामाचा पहिला दिवस, हॉल पाऊण भरलेला, हॉलवाल्या बाई खूश, आणि हा गडी सामान आवरताना म्हणतो, "तू उगाच पट्ट्या जुळवत बसतोस. लोक पायांनी ऐकतात."

ठोक्या माझा शाळेपासूनचा मित्र आणि नाचाच्या कार्यक्रमांना गाणी वाजवायच्या धंद्यातला भागीदार. ठोक्याला ठोका जुळला की याचं जग सुखी, म्हणून हे नाव. तो मला सूरमास्तर म्हणतो, आणि त्यात कौतुक नसतं.

माझं म्हणणं साधं आहे. एक गाणं संपता संपता दुसरं आत आणायचं असेल, तर थोडा वेळ दोन्ही एकत्र वाजतात, त्याला आम्ही मिसळण म्हणतो. तेवढ्यात नुसता ढोल असेल तर पट्टी कुठलीही चालते, हे मलाही मान्य आहे. पण एकीकडे गाणारी बाई आणि दुसरीकडे व्हायोलिन असेल, आणि दोघांच्या पट्ट्या एकमेकींशी भांडत असतील, तर ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण दात आंबतात. आमच्या संगणकावर प्रत्येक गाण्यापुढे त्याच्या पट्टीचा आकडा असतो. शेजारचे आकडे एकमेकांशी जुळतात. तरी मी आकड्यावर विसंबत नाही. हेडफोनचा एक गोळा उजव्या कानाला लावून येणारं गाणं ऐकतो, डावा कान हॉलकडे मोकळा ठेवतो आणि दोन्ही कानांचं लग्न लावूनच पुढे जातो. वीस वर्षं असंच करत आलो.

दुपारी नाचायला येणारी मंडळी बहुतेक साठीच्या पुढची. जोडीने येतात, हळू गाण्यांवर जास्त रमतात. म्हणजे लांब मिसळण. म्हणजे पट्टी आली. बाईंनी हा महिना बघू म्हटलंय. जमलं तर दर रविवार आमचा.

सर्दीने कानांत दडे बसलेत. लवकर झोपतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी उठलो तो उजव्या कानात कापूस कोंबल्यासारखं. वर एक बारीक शिट्टी. आधी वाटलं फ्रीज. फ्रीजचं बटण बंद केलं तरी शिट्टी चालूच. मग वाटलं वरच्या मजल्यावरच्यांचं काहीतरी असेल.

बायको म्हणाली, डॉक्टरांना दाखव. मी म्हटलं, सर्दी आहे, आली तशी जाईल. ती औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे तिला सगळीकडे आजार दिसतात. म्हणाली, "अरे, कानाचं दुखणं अंगावर काढू नये." मी हो हो म्हणून विषय संपवला.

इस्त्री करताना ती गुणगुणत होती. लग्न झाल्यापासून ऐकतोय, हिचा आवाज लहान पण सूर पक्का. आज मात्र पट्टी सोडून भलतीकडे चालली होती. मी सांगितलं तसं. "सर्दी तुला झालीय की मला?" असं म्हणून हसली, आणि थोड्या वेळाने पुन्हा तसंच. वय झालं की गळाही सैल होतो बहुतेक.

९ फेब्रुवारी, रविवार

आज काहीतरी विचित्र झालं आणि ते मला आवडलेलं नाही.

नेहमीची दोन गाणी. शंभरदा एकत्र वाजवलेली. आकडे शेजारी शेजारी. हेडफोन कानाला लावला तर येणारं गाणं चढं. पाव सूर, कदाचित जास्तच. पुन्हा ऐकलं, पुन्हा तेच. मग सूर खाली करायच्या कळीने ते उतरवत उतरवत आणलं, दोन्ही कानांत बसलं, आणि सोडलं. मनात म्हटलं, बघा, यालाच कान म्हणतात, आकड्यांवर राहिलो असतो तर फजिती होती.

पण फजिती झालीच. लोकांचे पाय अडखळले नाहीत, ठेका बरोबर होता. चेहरे मात्र आंबट झाले. दोन जोड्या पाणी प्यायला गेल्या त्या परत आल्याच नाहीत. असं सबंध दुपारभर. प्रत्येक गाणं चढं येत होतं, प्रत्येक मी उतरवत होतो, आणि दर वेळी कोणीतरी खुर्चीकडे वळत होतं.

एक आजोबा माझ्या टेबलापाशी आले. कानातलं यंत्र काढून हातात धरलेलं. म्हणाले, "माझं मशीन बिघडलंय वाटतं, गाणी भांडतायत." मी हसून त्यांच्या खांद्यावर थोपटलं. बिचारे. म्हातारपणी आपल्यालाच कळत नाही, दोष कुठे आहे ते.

घरी येताना डोक्यात किडा शिरला. गाण्यांना हात लावणारे दोघंच, मी आणि ठोक्या. पट्टीचं महत्त्व नाही हे सिद्ध करायला हा माझी गाणी चढवून ठेवणार नाही कशावरून? लिहिताना लाज वाटतेय. पण शंका आली ती आली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घरी कोणी नसताना सगळी गाणी तपासायला बसलो. समोर छोटा कीबोर्ड, त्याचा आवाज टेबलावरच्या स्पीकरमधून. उजव्या कानाला हेडफोन, त्यात गाणं. एकेक सूर दाबायचा आणि मिळतो का बघायचं.

एकही गाणं संगणकाने लिहिलेल्या पट्टीत नाही. सगळी चढी. आणि सगळी सारखीच चढी.

ठोक्यावरचा संशय गेला. एवढं काम तो करणार नाही, त्याला चहाचा कप उचलून ठेवायचा कंटाळा. म्हणजे संगणकच चुकतोय. मी सगळ्यांचे आकडे बदलून माझ्या कानाप्रमाणे केले. जेवणसुद्धा राहिलं.

काम झाल्यावर बरं वाटायला हवं होतं. ते वाटेना. सगळीच कशी सारखी चुकतील? चूक म्हणजे एक इकडे, एक तिकडे असं हवं. मी यावर आणखी विचार करणार होतो, पण केला नाही. उठून भांडी घासली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फोन आला की हल्ली डाव्या कानाला लावतो. उजवीकडून माणूस पिंपात बसून बोलल्यासारखा येतो. कंपनीवाल्यांना तक्रार करायला हवी.

बाजारातून येताना बायको माझ्या उजवीकडून चालत होती. काहीतरी विचारत होती, म्हणे तीनदा विचारलं. मग न बोलता वळसा घालून डावीकडे आली. तिचं हे काय नवीन, मला कळलं नाही.

एक बरं आहे, ती हल्ली गुणगुणत नाही. मी दोन-तीनदा टोकलं, त्याचा उपयोग झाला. घर शांत आहे. फक्त ती शिट्टी तेवढी असते.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरी आल्या आल्या लिहितोय.

मधल्या वेळेतली हळू गाणी. सगळ्यात लांब मिसळण माझी इथेच असते. जाणाऱ्या गाण्यात बाई आलाप घेतेय आणि येणाऱ्यात बासरी. मी हेडफोन खांद्याने दाबून उजव्या कानाला लावला, बासरी उतरवली, बाईच्या सुरात अगदी विरघळवली. माझ्या दोन कानांमध्ये इतकं सुंदर जुळलं होतं की अंगावर काटा आला. डोळे मिटले.

डोळे उघडले तर मधली फरशी रिकामी. दोन बायका कानांवर हात ठेवून उभ्या. आणि ठोक्या माझ्या अंगावरून हात घालून बासरीच्या आवाजाची सरकती कळ खाली ओढून बंद करतोय.

मी त्याचा हात झटकला. सगळ्यांसमोर. तो हळू आवाजात म्हणाला, "तुला ऐकू येत नाही का रे?"

यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तो माझ्याकडे घाबरल्यासारखा बघत होता.

पुढचं सगळं त्याने वाजवलं. धाडकन एक गाणं बंद, धाडकन दुसरं चालू, पट्टीबिट्टी काही नाही. लोक परत आले आणि नाचले. मी मागे वायरी गुंडाळत बसलो. हॉलमध्ये जे चाललं होतं तेसुद्धा मला फाटकं ऐकू येत होतं, जणू प्रत्येक गाणं स्वतःच्या सावलीशी भांडतंय. उजवीकडचा स्पीकर गेला असणार असं मी म्हटलं.

हॉलवाल्या बाई शेवटी आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "मला त्यातलं काही कळत नाही. पण आज चौघींनी सांगितलं की पोटात ढवळतं. पुढच्या रविवारी असं झालं तर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल."

मला भीती वाटते. कशाची, ते लिहीत नाही. लिहिलं की ते खरं होईल असं वाटतंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नवा हेडफोन आणला. चांगल्यातला. लावून बघितला. जुन्यासारखाच बिघडलेला. दुकानदाराशी भांडणार होतो. जिना उतरताना एकदम भिंत माझ्याकडे झुकल्यासारखी झाली, कठडा धरून उभा राहिलो आणि तसाच परत वर आलो.

शिट्टी आज दिवसभर. तिचीही पट्टी शोधायचा प्रयत्न केला. कीबोर्डवर सापडली नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ठोक्या घरी आला होता. बायकोने बोलावलं असावं, कारण तिने कामावरून सुट्टी घेतली होती आणि दोघंही नको इतके गोड बोलत होते. मी ठोक्याला नवा हेडफोन दाखवला. एकच सूर लावला, दोन्ही गोळ्यांत एकाच वेळी. डावा गोळा बरोबर, उजवा चढा. म्हटलं, बघ, नवा माल आणि ही तऱ्हा.

त्याने घातला. बराच वेळ ऐकलं. मग काढला आणि मला दिला.

"उलटा घाल."

मी विचारलं, म्हणजे काय. म्हणाला, "डावा गोळा उजवीकडे, उजवा डावीकडे. घाल."

मला तेव्हाच कळलं होतं. खरं तर गेल्या आठवड्यात गाणी तपासत कीबोर्डपुढे बसलो होतो तेव्हाच कळलं होतं. घालायचा धीर होत नव्हता. हातात धरून बसलो. बायको उभी राहून बघत होती, तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. घातला.

बिघाड बाजू बदलेना. हेडफोनमध्ये असता तर गोळ्याबरोबर डावीकडे गेला असता. तो होता तिथेच राहिला, उजवीकडे.

म्हणजे दोन रविवार मी गाणी माझ्या फुटक्या कानाच्या मापाने कापत होतो. सुरात असलेलं उतरवून बेसूर करत होतो आणि वर स्वतःची पाठ थोपटत होतो. त्या आजोबांचं मशीन ठणठणीत होतं.

ठोक्या म्हणाला, "पट्टीला काही अर्थ नाही असं मी आजपर्यंत म्हणत आलो. रविवारी पहिल्यांदा मलाही दात आंबणं म्हणजे काय ते कळलं." त्याला मला हसवायचं होतं. मी हसलो नाही म्हणून तोही कावराबावरा झाला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कानाच्या डॉक्टरांकडे एक काचेची खोली आहे. आत बसवतात, दार लावतात, हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. आयुष्यभर कानावर पोट भरलं आणि तिथे शाळेतल्या पोरासारखा घाबरून बसलो होतो. डावीकडे भराभर दाबलं. मग उजवी बाजू सुरू झाली असावी. असावी म्हणतो, कारण काचेबाहेरची मुलगी कळ फिरवताना दिसत होती आणि मला काहीच येत नव्हतं. न ऐकताच एकदा दाबलं. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. पुन्हा तसं केलं नाही.

डॉक्टर बाई वयाने लहान, बोलायला सरळ. आतल्या नसेला धक्का बसलाय, उजवा कान कमी ऐकतो आणि जे ऐकतो ते चढं ऐकतो. असं होतं कधीकधी, कारण दरवेळी सापडत नाही. मग विचारलं, कधीपासून?

मी म्हटलं, चार-पाच दिवस झाले असतील.

बायको म्हणाली, "पाच तारखेपासून. सकाळी उठल्यापासून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पहिल्या आठवड्यात आला असतात तर गोळ्यांचा उपयोग होण्याची आशा जास्त होती, म्हणाल्या. आता देऊन बघू. मी विचारलं, डावा? डावा आज उत्तम आहे, त्याला जपा. मोठ्या आवाजात जाणारच असाल तर दोन्ही कानांत बोळे घाला, आणि हेडफोन डाव्या कानाला अजिबात लावू नका. मी विचारलं, डाव्यालाही असं होईल का? तसं सहसा होत नाही, पण लिहून देता येणार नाही, म्हणाल्या.

रस्त्यात बायको माझ्या डावीकडे आली. 'मी सांगितलं होतं' असं म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. डावीकडून चालत राहिली. आता कळलं, ती डावीकडून का चालते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उद्या काय करायचं?

ठोक्या म्हणतो, मी वाजवतो, तू बस. तो धाडधाड वाजवेल, लोक नाचतील, बाई खूश होतील, आणि सोमवारपासून मी वायरी गुंडाळणारा. दुसरा रस्ता म्हणजे दोन्ही गाणी डाव्या कानातच ऐकायची. मला जमेल. पण तो एकच उरलाय, आणि तोच हेडफोनच्या गोळ्याखाली द्यायचा.

तिसरा रस्ता म्हणजे ऐकायचंच नाही. संगणकाचे आकडे बघायचे आणि विश्वास ठेवायचा. वीस वर्षं ज्यांना मी नावं ठेवली, ती सगळी असंच वाजवतात.

पण आकडे तर मी बदलून बसलोय. हे आठवलं आणि घाम फुटला. पुन्हा सगळे पालटायला बसणार होतो. मग सुचलं की सगळे सारखेच बदललेत. सगळ्या गाण्यांचे आकडे एकाच मापाने चुकलेले, त्यामुळे एकमेकांशी जुळतात ती जुळतातच. कितीतरी वेळ हसलो. बायको बघायला आली.

२३ फेब्रुवारी, रविवार

हेडफोन गळ्यात ठेवला, कानाला लावलाच नाही. दोन्ही कानांत बोळे. समोर आकडे.

पहिली मिसळण सोडली. आकडे शेजारी होते आणि मला जे ऐकू येत होतं ते भयंकर होतं, बोळ्यांतूनसुद्धा. दोन गाणी चार झालेली, एकमेकांच्या अंगावर ओरडणारी. बोटं आपोआप सूर उतरवायच्या कळीकडे गेली. ठोक्याकडे बघितलं. त्याने मान हलवली, नको. हात मागे घेतला आणि टेबलाची कड धरली.

ती हळू गाण्यांची मिसळण, बाईचा आलाप आणि बासरी, मुद्दाम पुन्हा केली. लांब. शेवटपर्यंत लांब. माझ्या डोक्यात कोणी पत्रा कापत होतं. आणि समोर फरशी भरलेली, एक आजी आजोबांच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटून हलत होत्या. आजोबा तेच, मशीनवाले. मशीन कानात होतं.

एवढा एकटा मी आयुष्यात नव्हतो. सगळा हॉल एका गाण्यात होता आणि मी बाहेर.

संपल्यावर हॉलवाल्या बाईंनी विचारलं, पुढच्या रविवारी येताय ना? ठोक्याने हो म्हटलं. मग माझ्या डाव्या बाजूला येऊन म्हणाला, "आजची मिसळण मला नसती जमली." वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्या मिसळणीचं कौतुक केलं. आणि नेमकी तीच मला ऐकता आली नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

गोळ्यांनी झोप जाते आणि भूक लागते, बाकी फरक नाही. आज सकाळी डाव्या कानात काहीतरी टकटक झालं. बायको घरात नव्हती. तसाच खुर्चीत बसून राहिलो, न हलता, पुन्हा होतंय का ऐकत. नळ ठिबकत होता. उठून नळ बंद करेपर्यंत शर्ट घामाने ओला झाला होता. आता जन्मभर असंच जगायचं का, प्रत्येक नळाला घाबरत?

संध्याकाळी ती इस्त्री करायला बसली. मुकाट्याने. कापडावरून इस्त्री फिरल्याचा तेवढा आवाज. किती दिवस ही अशी गप्प आहे हे मला एकदम जाणवलं, आणि कोणामुळे तेही.

मी म्हटलं, "गा की काहीतरी."

"तुला त्रास होतो," ती म्हणाली. वर न बघता.

"बेसूर तू नव्हतीस."

"ते मला बुधवारीच कळलं. पण त्रास तुला होतोच ना? कळलं म्हणून कान बरा होत नाही."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. म्हटलं, गा. तिने इस्त्री उभी ठेवली आणि सुरू केलं. नेहमीचंच, पहिली ओळ येते आणि दुसरी हिला कधीच आठवत नाही ते. मी उजवा कान तळव्याने घट्ट झाकला. एकच आवाज राहिला. लहान, जुना, सुरात. ही कधीच सुटली नव्हती. मी जिवाचा कान करून ऐकलं, कारण हा दुसरा कानही एक दिवस गेला तर मला ही कशी गाते ते आठवायला हवं.

मग हात काढला. लगेच उजव्या कानातली दुसरी आली, चढी, पातळ, पिंपातली. दोघी एकदम गायला लागल्या. अंगावर शहारा आला, तो तिला दिसला आणि ती थांबली.

मी म्हटलं, थांबू नको. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि उरलेले कपडे संपेपर्यंत दोघी गात होत्या.